बॅरोनेटचा किताब कोणाकडे जातो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधल्या जमीनदार घराण्यांच्या वंशावळी लावणारे, जुन्या कादंबऱ्यांचे भाषांतर करणारे आणि मुंबईच्या पारशी बॅरोनेट घराण्यांवर लिहिणारे वाचक आम्हाला जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणांसाठी बऱ्याच ठिकाणी हॅम्पशायरच्या टिचबोर्न घराण्याचा आधार घेतला आहे. १६२१ ते १९६८ या काळात त्या एकाच घरात वारसाहक्काच्या बहुतेक अडचणी येऊन गेल्या. उत्तरे सुटी वाचता येतील. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बॅरोनेट म्हणजे नेमका कोण? लॉर्ड की नाइट?

दोन्ही नाही. लॉर्ड लोकांच्या उतरंडीत सर्वांत खाली बॅरन असतो. बॅरोनेट त्याच्याही खाली आणि साध्या नाइटच्या वर. त्याला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जागा कधीच नव्हती. नाइटप्रमाणे तो नावाआधी 'सर' लावतो. पण नाइटचे 'सर' त्याच्याबरोबर संपते आणि बॅरोनेटचे 'सर' पुढच्या पिढीकडे जाते. म्हणूनच गावात मोठा वाडा, दोन-चार हजार एकर जमीन आणि लॉर्डपद नाही, अशा घराण्यांना हा किताब फार मोलाचा वाटे.

२. हा किताब कधी आणि कशासाठी सुरू झाला?

पैशासाठी. पहिल्या जेम्स राजाला आयर्लंडमधल्या अल्स्टर प्रांतात फौज ठेवायची होती. २२ मे १६११ रोजी त्याने हा दर्जा निर्माण केला आणि सफोकमधल्या रेडग्रेव्हच्या सर निकोलस बेकन यांना पहिली सनद दिली. अट अशी की किताब घेणाऱ्याने तीस सैनिकांचा तीन वर्षांचा पगार भरायचा. एका सैनिकाचे रोजचे आठ पेन्स धरले तर हिशेब बरोबर १,०९५ पौंडांचा होतो. शिवाय वर्षाला किमान १,००० पौंडांचे उत्पन्न आणि चांगले कूळ हवे. अल्स्टरची आठवण म्हणून बहुतेक बॅरोनेटांच्या ढालचिन्हावर आजही लाल पंजा असतो.

पुढे आयर्लंडसाठी १६१९ मध्ये आणि नोव्हा स्कोशियासाठी (स्कॉटलंडच्या किताबांचा वर्ग) १६२५ मध्ये वेगळे वर्ग निघाले. १७०७ पासून ग्रेट ब्रिटनचा आणि १८०१ पासून युनायटेड किंग्डमचा. नवे किताब जवळजवळ बंद आहेत. १९६४ नंतर एकच दिला गेला, १९९० साली मार्गारेट थॅचर यांचे पती डेनिस थॅचर यांना. तो आता त्यांच्या मुलाकडे आहे.

३. पुढचा वारस ठरवायची रीत काय?

बहुतेक सनदांत 'पहिल्या बॅरोनेटच्या देहापासून झालेले औरस पुरुष वारस' असे शब्द असतात. अशा सनदेसाठी हिशेब पुढीलप्रमाणे करावा.

वारलेल्या बॅरोनेटपासून खाली उतरा. थोरला मुलगा पहिला. तो बापाच्या आधी वारला असेल, तर त्याचा मुलगा, म्हणजे नातू, स्वतःच्या काकांच्या आधी येतो. थोरल्या पातीत एकही पुरुष उरला नाही, तरच धाकट्या पातीकडे वळायचे. जुळे असतील तर आधी जन्मलेला थोरला.

मुलगा-नातू कोणीच नसेल तर एक पिढी वर चढा. बॅरोनेटचा भाऊ, तो नसेल तर त्याचे मुलगे, मग त्यापुढचा भाऊ. बाप एक आणि आई वेगळी असलेला सावत्र भाऊ चालतो. आई एक आणि बाप वेगळा असलेला चालत नाही. तिथेही कोणी नसेल तर आणखी एक पिढी वर: आजोबांचे इतर मुलगे, म्हणजे चुलते आणि चुलतभाऊ.

सर्वाधिक चुका इथेच होतात. वर चढताना पहिल्या बॅरोनेटपाशी थांबायचे असते. त्याच्या भावाची पाती कितीही जवळची असली तरी तिचा हक्क नाही, कारण ती पहिल्या बॅरोनेटपासून जन्मलेली नाही. दुसरा बॅरोनेट निपुत्रिक वारला, त्याला भाऊही नव्हता, पण सख्खा चुलता हयात आहे. अशा वेळी चुलत्याला किताब मिळाला असे लिहून मोकळे होऊ नका. तो चुलता पहिल्या बॅरोनेटचा मुलगा नसून भाऊ आहे, म्हणजे किताब संपला.

४. बॅरोनेटला फक्त मुलीच असतील तर?

किताब मुलींना वगळून भावाकडे किंवा पुतण्याकडे जातो. मुलीच्या मुलालाही तो मिळत नाही.

टिचबोर्न घराण्यातला सातवा बॅरोनेट सर हेन्री याला सात मुलगे होते. त्याचा थोरला मुलगा, आठवा बॅरोनेट, याला सात मुली झाल्या. १८४५ मध्ये तो वारला तेव्हा सातही मुलींना ओलांडून किताब भाऊ एडवर्डकडे गेला. एडवर्डचा एकुलता मुलगा लहानपणीच वारला होता आणि मागे मुलगीच उरली होती. त्यामुळे १८५३ मध्ये किताब आणखी एका भावाकडे, जेम्सकडे, आला. १८४५ ते १८५३ या आठ वर्षांत किताब एकाच पिढीतल्या तीन सख्ख्या भावांच्या हातून गेला. वंशावळीत क्रमांक भराभर वाढलेले दिसले की चूक समजू नका, बहुतेकदा कारण हेच असते.

राजगादीसाठी २०१३ च्या कायद्याने मुलगा-मुलगी भेद काढला गेला. वंशपरंपरागत किताबांना तो कायदा लागू नाही. ते बदलण्यासाठी संसदेत आलेली खासगी विधेयके मंजूर झाली नाहीत. आमच्या मते ही अट आता टिकण्याजोगी नाही. पण वंशावळ लिहिताना आपल्याला काय पटते हे बाजूला ठेवून सनदेत काय आहे तेच लिहावे लागते.

५. मग काही बायका बॅरोनेट झाल्याचं वाचलंय, ते कसं?

सनदेचे शब्द वेगळे होते म्हणून. स्कॉटलंडच्या, म्हणजे नोव्हा स्कोशियाच्या वर्गातल्या काही सनदांत 'पुरुष वारस' ही अट नाही. तिथे मुलगी वारस होऊ शकते आणि ती 'डेम' लावते. डेम एलिनर डॅलिएल या बिन्सच्या दहाव्या बॅरोनेटेस होत्या. त्यांच्यानंतर १९७२ मध्ये किताब मुलाकडे, खासदार टॅम डॅलिएल यांच्याकडे, आईकडून आला. थेट बाईच्याच नावे दिलेली सनद एकच: १६३५ मध्ये डेम मेरी बोल्स यांना.

याउलट काही स्कॉटिश सनदांत 'कोणतेही पुरुष वारस' असे मोघम शब्द आहेत. तिथे प्रश्न ३ मधली 'पहिल्या बॅरोनेटच्या वर चढायचे नाही' ही मर्यादा गळून पडते आणि दूरचा भाऊबंदही दावा करू शकतो. काही सनदांत आणखी खास तरतूद असते: निपुत्रिक माणसाला किताब देताना 'त्याच्यानंतर अमुक पुतण्याला' असे नाव घालून दिलेले असते. घराण्याबद्दल काहीही लिहिण्याआधी सनदेतले वारसाचे कलम वाचा. सवडीने वाचू म्हणून ठेवलेल्या त्या एका ओळीपायी सबंध तक्ता पुन्हा आखावा लागल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

६. बॅरोनेट वारला तेव्हा बायको गरोदर असेल तर?

थांबायचे. पोटातल्या मुलाचा हक्क जिवंत मुलाइतकाच असतो. पुढच्या पातीतला पुरुष कितीही उतावीळ असला तरी बाळंतपण होईपर्यंत तो बॅरोनेट होत नाही.

अकरावा बॅरोनेट सर आल्फ्रेड टिचबोर्न फेब्रुवारी १८६६ मध्ये वारला. त्याला मूल नव्हते, पण पत्नी गरोदर होती. मे महिन्यात मुलगा झाला आणि जन्मतःच तो बारावा बॅरोनेट ठरला. अशा नोंदीत बापाचा मृत्यू आधी आणि वारसाचा जन्म नंतर दिसतो. पुष्कळजण ही तारखांची चूक समजून 'दुरुस्त' करतात. करू नका.

७. आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेल्या मुलाला हक्क आहे का?

इंग्लिश किताबासाठी नाही, आईबापांनी पुढे लग्न केले तरीही. १९२६ च्या कायद्याने अशा मुलाला इंग्लंडमध्ये औरसपणा मिळाला, पण त्याच कायद्यात किताबांचा वारसा वगळला आहे. १९७६ च्या कायद्यातही तसेच. त्यामुळे थोरला भाऊ लग्नाआधीचा आणि धाकटा लग्नानंतरचा असेल, तर किताब धाकट्याला. स्कॉटिश किताबांची गोष्ट वेगळी: तिथे नंतरच्या लग्नाने औरस झालेला मुलगा वारस होऊ शकतो.

तपासताना मुलाच्या जन्माची आणि आईबापांच्या लग्नाची तारीख शेजारी-शेजारी मांडा. नुसते 'थोरला मुलगा' एवढे वाचून पुढे जाऊ नका. बापाचे पहिले लग्न त्या वेळी कायद्याने सुटले होते का, हेही पाहा.

८. दत्तक मुलाला किताब मिळतो का?

मिळत नाही. दत्तकविधानाने किताबांचा वारसा बदलत नाही, असे २००२ च्या दत्तक कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. मालमत्ता मात्र दत्तक मुलाला देता येते. आपल्याकडे संस्थानिकांचे दत्तक वाचलेल्यांना हे खटकते, पण इथे रक्ताचा आणि औरस असा दुहेरी पुरावा लागतो.

दात्याच्या बीजापासून झालेल्या मुलांच्या बाबतीतही कायद्याने मिळालेले पितृत्व किताबापुरते धरले जात नाही. २००४ च्या कायद्याखाली लिंगबदलाची अधिकृत नोंद झाली तरी किताबाचा क्रम पूर्वीचाच राहतो.

९. किताबाबरोबर वाडा आणि जमीनही येते ना?

आपोआप येत नाही. किताब सनदेप्रमाणे जातो, मालमत्ता मृत्युपत्राप्रमाणे किंवा ट्रस्टप्रमाणे. पूर्वी घराणी पिढ्यानपिढ्यांचे करारपत्र करून जमीन थोरल्या मुलाशी बांधून ठेवत, म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र चालताना दिसतात. १९२५ च्या जमीन कायद्यांनी जुनी बंधने सैल केली आणि १९९६ च्या कायद्याने तशी नवी करारपत्रे करणे बंद झाले. त्यात ३,२५,००० पौंडांवरच्या वारशावर साधारणपणे ४० टक्के कर. त्यामुळे 'सर' एकाकडे आणि वाडा दुसऱ्याकडे, हे आज सर्रास आढळते.

उलट, किताब मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही की मुलाकडून काढून घेता येत नाही.

टिचबोर्नमध्ये हा फरक दर २५ मार्चला समोर दिसतो. बाराव्या शतकापासून सांगितली जाणारी पीठवाटपाची रीत तिथे अजून चालू आहे: पुजारी पिठाला आशीर्वाद देतो, मग गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला एक गॅलन आणि लहान मुलाला अर्धा गॅलन पीठ मापून मिळते. ज्या २३ एकर जमिनीच्या उत्पन्नातून हे सुरू झाले म्हणतात, तिला आजही 'द क्रॉल्स' म्हणतात. मरणाच्या दारातली लेडी मबेला जळते लाकूड हातात घेऊन जेवढी जमीन रांगत फिरली, तेवढी नवऱ्याने दान दिली, अशी आख्यायिका आहे. १९६८ मध्ये बॅरोनेटसी संपली, पीठ थांबले नाही, कारण ते त्या घराशी बांधलेले होते.

१०. बाप वारला की मुलगा लगेच 'सर' होतो की अर्ज करावा लागतो?

हक्क मृत्यूच्या क्षणी येतो. पण सरकारी कागदांवर तो मान्य व्हायचा तर अधिकृत नोंदवहीत नाव लागावे लागते. सातव्या एडवर्डच्या फर्मानाने १९१० मध्ये ही नोंदवही सुरू झाली, कारण तोवर खोटे बॅरोनेट फार माजले होते. तिच्यात नाव नसलेल्याला कोणत्याही सरकारी दस्तऐवजात बॅरोनेट म्हणत नाहीत. नोंदवही आता न्याय मंत्रालयाकडे आहे. पुरावा तपासायला इंग्लिश किताबांसाठी कॉलेज ऑफ आर्म्स ही कुलचिन्हे-वंशावळी पाहणारी संस्था आणि स्कॉटिश किताबांसाठी तेच काम पाहणारे अधिकारी लॉर्ड लायन यांचे मत घेतले जाते.

साध्या बाप-ते-मुलगा प्रकरणात लागते ते एवढे: आधीच्या बॅरोनेटचा मृत्यूचा दाखला, वारसाचा जन्मदाखला, त्याच्या आईबापांचा लग्नाचा दाखला आणि शपथेवरचे निवेदन. जन्मदाखला मोठा, पूर्ण नमुन्यातला घ्यावा. छोट्या नमुन्यात आईबापांची नावे नसतात आणि तो परत येतो.

चुलतभावाचा दावा असेल तर काम अनेक पटींनी वाढते. दोघांच्या सामाईक पूर्वजापर्यंत प्रत्येक पिढीचे जन्म-लग्न-मृत्यू लागतातच, शिवाय मधले सगळे थोरले भाऊ औरस मुलाशिवाय वारले हेही सिद्ध करावे लागते. माणूस होता हे दाखवणे सोपे असते, त्याला मुलगा नव्हता हे दाखवणे कठीण. तरुणपणी ऑस्ट्रेलियाला किंवा कॅनडाला गेलेला एखादा भाऊ पन्नास वर्षे प्रकरण अडकवून ठेवू शकतो. इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ पासूनची. त्याआधीचे सगळे चर्चच्या वह्यांत शोधावे लागते आणि तिथे एकाच घरात तीन-तीन हेन्री भेटतात.

११. किताब नको असेल तर सोडता येतो का?

१९६३ च्या कायद्याने लॉर्डपद सोडता येते, बॅरोनेटसी नाही. ज्याला ती नको असते तो नोंदवहीत नाव लावत नाही आणि 'सर' वापरत नाही. टॅम डॅलिएल यांनी (प्रश्न ५) तेच केले. त्यांच्या मुलाचा हक्क त्यामुळे बुडत नाही.

१२. वारस बेपत्ता असेल तर काय?

टिचबोर्न खटला इथूनच सुरू झाला. दहावा बॅरोनेट जेम्स (प्रश्न ४) याचा थोरला मुलगा रॉजर १८५४ मध्ये 'बेला' जहाजाबरोबर बुडाला असे मानले गेले. १८६२ मध्ये जेम्स वारल्यावर किताब धाकट्या आल्फ्रेडला मिळाला. आईने मात्र आशा सोडली नाही आणि वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. १८६६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वॉगा वॉगा गावचा एक खाटीक 'मीच रॉजर' म्हणत पुढे आला. आईने त्याला ओळखले. रॉजर पॅरिसमध्ये वाढलेला, याला फ्रेंच येत नव्हते. दिवाणी खटला १०२ दिवस चालून कोसळला. नंतरचा फौजदारी खटला १८८ दिवस चालला आणि १८७४ मध्ये त्याला खोट्या शपथेबद्दल १४ वर्षांची शिक्षा झाली. न्यायालयाने त्याला लंडनच्या वॉपिंगचा आर्थर ऑर्टन ठरवले. तो खरा निघाला असता, तर आल्फ्रेड आणि प्रश्न ६ मधला त्याचा तान्हा मुलगा, दोघेही कधीच बॅरोनेट नव्हते असे ठरले असते.

आज इंग्लंडमध्ये २०१३ चा मृत्यू-गृहीतक कायदा आहे. सात वर्षे जिवंत असल्याची खबर नसेल तर हायकोर्टाकडून जाहीरनामा मिळतो. मालमत्तेपुरता मिळालेला जुना आदेश किताबाला पुरतोच असे नाही. १९७४ मध्ये बेपत्ता झालेल्या लॉर्ड लुकनच्या बाबतीत १९९९ चा मालमत्तेचा आदेश अपुरा पडला आणि मुलाला २०१६ च्या जाहीरनाम्यापर्यंत थांबावे लागले.

१३. डीएनए चाचणीने किताब जाऊ शकतो का?

जाऊ शकतो, गेला आहे. लग्नात जन्मलेले मूल नवऱ्याचेच असे कायदा गृहीत धरतो, पण हे गृहीतक पुराव्याने मोडता येते. स्टिचिलच्या प्रिंगल घराण्याची सनद १६८३ ची. दहावे बॅरोनेट म्हणून ओळखले गेलेले जनरल सर स्टुअर्ट प्रिंगल २०१३ मध्ये वारले. त्यांनी स्वतः कुळाच्या संशोधनासाठी दिलेल्या नमुन्यावरून दिसले की त्यांचे वडील, नववे बॅरोनेट, आठव्याचे पुत्र नव्हते. आठव्याच्या दुसऱ्या मुलाच्या पातीने दावा केला. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीकडे गेले आणि २० जून २०१६ रोजी निकाल लागला: डीएनए पुरावा ग्राह्य, मुदत उलटल्याचा बचाव अमान्य. किताब धाकट्या पातीकडे गेला.

हा पुरावा बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राचा असतो. म्हणून तुलना करायला दुसऱ्या पातीतला पुरुष लागतो. एकच पाती उरली असेल तर ताळा पाहायला कोणी नसते.

१४. आडनाव बदललं तर हक्क जातो का? आणि मुंबईच्या बॅरोनेटांची नावं सारखीच का असतात?

हक्क जात नाही. प्रश्न ४ मधल्या एडवर्ड टिचबोर्नने एका नातलग बाईंच्या मालमत्तेसाठी, तिच्या अटीप्रमाणे 'डाउटी' आडनाव घेतले होते, तरी तो नववा बॅरोनेट झाला.

मुंबईत कायद्यानेच नाव बांधले होते. सर जमशेटजी जीजीभॉय १८५७ मध्ये बॅरोनेट झाले, हा मान मिळालेले पहिले भारतीय. १८६० च्या खास कायद्याने त्यांच्या किताबाशी सरकारी रोखे आणि माझगावचा वाडा जोडला आणि प्रत्येक वारसाने स्वतःचे नाव टाकून 'जमशेटजी जीजीभॉय' हेच नाव घ्यायचे ठरले. म्हणजे प्रश्न ९ मधला नियम इथे मुद्दाम उलटा केला. पहिल्यांच्या मुलाचे नाव खरे तर कर्सेटजी. पेटिट घराण्यातही तीच रीत: रत्तनबाई जीना यांचे वडील जन्माने जीजीभॉय फ्रामजी, बॅरोनेट म्हणून सर दिनशा. जुन्या मुंबईच्या कागदांत 'सर जमशेटजी' दिसले की आधी साल पाहा, मगच कोणत्या पिढीचे ते ठरवा.

१५. 'संपलेला' आणि 'सुप्त' किताब यात फरक काय?

एकही हक्कदार उरला नाही हे पक्के झाले की किताब संपला. टिचबोर्नचे चौदावे बॅरोनेट सर अँथनी १९६८ मध्ये मुलाशिवाय वारले आणि तो संपला. हक्कदार कुठेतरी असू शकतो पण कोणी सिद्ध केलेला नाही, अशा वेळी तो सुप्त. काही जुन्या बॅरन पदांत मुलींमध्ये हक्क वाटला जाऊन पद लटकून राहते, तो प्रकार साध्या सनदेच्या बॅरोनेटसीत होत नाही.

१६. मराठीत लिहिताना नाव कसं लिहायचं?

'सर' नंतर नेहमी पहिले नाव: 'सर हेन्री' किंवा 'सर हेन्री टिचबोर्न'. 'सर टिचबोर्न' कधीच नाही. पत्नी मात्र आडनावाने: 'लेडी टिचबोर्न'. तिचे स्वतःचे नाव लेडीनंतर लावले तर ती अर्ल किंवा त्यावरच्या लॉर्डची मुलगी ठरते. मुलगा गादीवर आला की आई 'डाउजर लेडी टिचबोर्न'. मुलाबाळांना कोणताही मान नाही. थोरल्या मुलाला एकविसाव्या वर्षी नाइटपद मागता येई, ती सवलत चौथ्या जॉर्जने १८२७ मध्ये काढून घेतली.

१७. बॅरोनेटसी विकत मिळते का? तशा जाहिराती दिसतात.

नाही. त्या जाहिराती बहुधा 'लॉर्ड ऑफ द मॅनर' या जुन्या जमीनहक्काच्या असतात. तो हक्क विकता येतो, पण त्याने कोणी लॉर्ड किंवा सर होत नाही. स्कॉटलंडमधला फूटभर जमिनीचा तुकडा विकून 'लेअर्ड' म्हणवून घेण्याचा कागद देतात, त्याचेही तेच. किताबांच्या दलालीवर १९२५ पासून फौजदारी कायदा आहे. पैसे घेऊन बॅरोनेटसी देऊ करणाऱ्याला एकच विचारावे: नोंदवहीतले नाव दाखवा.